तासाला साडेतेरा रुपये

चांगला गेम विकत घेणं कोणालाही जमतं. त्याला फक्त पैसे लागतात. दुकानात जायचं, पाच हजारांच्या घरातली रक्कम मोजायची आणि जगभरातल्या समीक्षकांनी आधीच चांगला ठरवलेला गेम पिशवीत घालून घरी यायचं. यात घेणाऱ्याची अक्कल कुठे दिसली? देवगडची पेटी आणून "आंबा गोड निघाला हो" म्हणणाऱ्याचं कोणी कौतुक करत नाही. कौतुक करायचं तर त्याचं, ज्यानं दिवेलागणीला हातगाडीवरच्या डागाळलेल्या ढिगातून एक खाण्याजोगा आंबा काढला. आणि खाण्याजोगा एकही नसताना ज्यानं तो ढीग तळापर्यंत उपसला, त्याचं जास्त.

मी या दुसऱ्या पंथातला. गेली दोन वर्षं मी प्लेस्टेशन टू या यंत्रासाठी पन्नास रुपयांच्या आतले गेम शोधतो आहे. हे यंत्र ४ मार्च २००० रोजी जपानात विक्रीला आलं आणि २०१३ उजाडता उजाडता त्याचं उत्पादन थांबलं. मधल्या काळात साडेपंधरा कोटींहून जास्त नग खपले. २०११च्या जनगणनेतल्या सबंध महाराष्ट्राला घरटी नव्हे, माणशी एक वाटला असता तरी चार कोटी उरले असते. त्यातला एक माझ्याकडे आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात पंधराशेला मिळाला. एवढा स्वस्त का, असं मी विचारलं, तेव्हा विकणारा जरा खाली मान घालून म्हणाला, "साहेब, चिप नाही बसवलेली. कॉपी सीडी चालत नाही." म्हणजे हे यंत्र फक्त अस्सल, छापील सीडीच वाचतं. आपल्याकडे इतकं सोवळं यंत्र कोण घेणार? मी घेतलं.

ही दृष्टी मला वडिलांकडून मिळाली. १९९२-९३च्या सुमारास आमच्या गल्लीत टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. निन्टेन्डोनं जपानात १९८३ साली १४,८०० येनला आणलेल्या यंत्राच्या त्या नकला होत्या, पण हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी आम्ही काही केलं नसतं. त्यात कॅसेट घालायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची. निन्टेन्डोवाले फुंकू नका म्हणत, कारण तोंडातल्या वाफेनं पट्ट्या गंजतात. आम्ही फुंकायचो. मला काँट्राची कॅसेट हवी होती. दुकानदारानं वडिलांपुढे दोन कॅसेटी ठेवल्या. एकीत एकच गेम. दुसरीवर छापलं होतं, ९९९९९९९ इन वन. किंमत दोन्हींची तीच, दीडशे. वडील हिशेब खात्यात होते. रुपयाला सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट गेम, असं त्यांनी तिथल्या तिथे काढलं आणि माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेत माझ्या भावी बुद्धीविषयीची काळजी होती.

कॅसेटमध्ये मारिओ होता, रोड फायटर होता, रणगाड्यांचा बॅटल सिटी होता, आणखी दोन-तीन होते. पुढच्या यादीत हेच सगळे नावं बदलून परत परत येत. एका ठिकाणी मारिओ तिसऱ्या पायरीपासून सुरू होई, दुसऱ्या ठिकाणी पाचव्या. काँट्रा नव्हता. पण एकेक गेम मिनिटभर जरी खेळायचा म्हटलं तरी न झोपता, न जेवता एकोणीस वर्षं पुरेल एवढी ती यादी होती, आणि दीडशे रुपयांत मुलाच्या एकोणीस वर्षांची सोय लावणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

अमेरिकेतही वडिलांसारखे लोक होते. तिथे १९९१ साली ॲक्शन फिफ्टी टू नावाची कॅसेट निघाली. बावन्न गेम, किंमत १९९ डॉलर, म्हणजे गेममागे चार डॉलरहून कमी. त्यातले कित्येक गेम धड चालत नाहीत, काही मधेच गोठतात. वडील असते तर म्हणाले असते, गोठले तरी बावन्न ते बावन्नच.

आता यंत्र आलं म्हणजे सगळं आलं असं नाही. वयोमानानं त्याची लेन्स मंदावली होती, ती बदलायला तपकीर गल्लीत साडेसहाशे गेले. खेळ जतन करायला मेमरी कार्ड लागतं. त्याची जागा आठ मेगाबाइट, म्हणजे लग्नात फोननं काढलेले दोन-तीन फोटो. पहिलं कार्ड अडीचशेचं घेतलं, त्यात काही राहत नव्हतं. दुसरं चारशेचं घेतलं. दोन रिमोट, साडेचारशेला एक. मग लक्षात आलं की घरातल्या सपाट टीव्हीवर चित्र दही फेटल्यासारखं दिसतं आणि बटण दाबल्यावर माणूस क्षणभर विचार करून मग उडी मारतो. या यंत्राचं चित्र जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीसाठी बेतलेलं. एक ओळ सोडून एक ओळ असं ते येतं आणि सपाट टीव्ही ते जुळवत बसतो. तेव्हा नळीचा टीव्ही आणला. आठशे रुपये, वर टेम्पोचे सहाशे. तो तिसऱ्या मजल्यावर चढवताना जिन्यात हिची गाठ पडली.

"अहो, हा टीव्ही आपण अकरा वर्षांपूर्वी भंगारात दिला होता ना?"

"हा तो नव्हे," मी म्हणालो. "तसाच आहे."

तो आपण शंभराला दिला होता, हे तिनं मोठ्यानं म्हटलं नाही. आमचा संसार टिकला आहे तो अशा न म्हटलेल्या आकड्यांवर.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे गेमच्या सीडी वेगळ्या मांडलेल्या नसतात. नळाच्या तोट्या, चष्म्याच्या फ्रेमा, कुणाच्या तरी लग्नाची व्हिडिओ कॅसेट आणि प्रेशर कुकरची शिट्टी यांच्यामध्ये त्या सापडतात. उकिडवं बसायचं, सीडी उजेडात धरायची, तिरकी करायची. खालची बाजू चंदेरी असेल तर डीव्हीडी, निळी असेल तर सुरुवातीच्या काळातली सीडी, काळी असेल तर ती आधीच्या प्लेस्टेशनची, पण या यंत्रावर तीही चालते. ओरखडे नवशिके खालच्या बाजूला बघतात. जाणता माणूस काळ्या-निळ्या सीडीची छापील बाजू आधी तपासतो, कारण सीडीत माहितीचा पापुद्रा त्या छपाईच्या अगदी लगत असतो. खालचा ओरखडा घासून घालवता येतो, वरचा गेला तो गेला. डीव्हीडीत तो पापुद्रा दोन थरांच्या मधे सुरक्षित बसलेला असतो. हे ज्ञान मी दोन वर्षांत मिळवलं. कोणी विचारत नाही, पण आहे.

"चालू आहे का?" हा प्रश्न बाजारात विचारायचा नसतो, तरी मी विचारतो. उत्तर ठरलेलं आहे. "घरी जाऊन लावून बघा, नाही चालली तर रविवारी घेऊन या." रविवारी तो माणूस वेगळा असतो, किंवा माणूस तोच असतो आणि आठवण वेगळी.

घरी आल्यावर सीडीला टूथपेस्ट लावायची. गोल नाही, मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ. आमच्या घरी दात घासायला जी पेस्ट येते तिच्यापेक्षा वरच्या दर्जाची मी यासाठी वेगळी आणतो. पुसायची, यंत्रात घालायची आणि लाल पडद्याची वाट पाहायची. सीडी वाचता आली नाही की हे यंत्र सगळा पडदा तांबडा करून, योग्य सीडी घाला असं शांतपणे सुचवतं. एरवी घरात मला कोणी इतक्या सभ्यपणे सुचवत नाही.

दोन वर्षांत माझ्याकडे त्रेसष्ट गेम झाले. पैकी बावीस फुटबॉलचे. फुटबॉलचा गेम दरवर्षी नवा निघतो, म्हणून कालचा आज कोणाला नको असतो आणि पाच वर्षांपूर्वीचा दहा रुपयांना मिळतो. लोक हसतात. पण जरा विचार करा. २००५ सालचे ते संघ. सगळे खेळाडू फॉर्मात. दुखापत नाही, बदली नाही, निवृत्ती नाही, कुणी कुणाशी भांडून क्लब सोडत नाही. घरात एखादी गोष्ट इतकी वर्षं जशीच्या तशी राहिली आहे का?

माझ्या संग्रहातला मानाचा गेम मात्र कातामारी दामासी. चिकट गोळा घेऊन जगातल्या वस्तू चिकटवत सुटायचं, टाचणीपासून सुरुवात करून पार इमारतींपर्यंत. २००४चा जपानी गेम, अमेरिकेत नव्या गेमच्या निम्म्याहून कमी, वीस डॉलरला विकला गेला, म्हणजे जन्मतःच आमच्या पंथाचा. मला तो तीस रुपयांना मिळाला. अमेरिकन प्रत आहे, आणि माझं यंत्र भारतातलं, म्हणजे युरोपीय पद्धतीचं, त्यामुळे ते दुसऱ्या प्रदेशाची सीडी घेत नाही. युरोपात हा पहिला गेम निघालाच नाही, म्हणजे माझ्या यंत्रावर चालेल अशी त्याची छापील प्रतच जगात नाही. लाल पडदा येतो. दोन वर्षांत या गेममध्ये मला एकही दोष सापडलेला नाही.

परदेशी मालाचं एवढं कौतुक करताना स्वदेशीचा विसर पडता कामा नये. आपल्याकडेही या यंत्रासाठी गेम झाले, आणि झाले तेही जगानं पुढचं यंत्र घेतल्यावर. प्लेस्टेशन थ्री भारतात २००७ साली ३९,९९० रुपयांना आलं. त्यानंतर दोन वर्षांनी सोनीनं आपल्यासाठी हनुमान: बॉय वॉरियर हा गेम काढला. हैदराबादच्या कंपनीनं केलेला, आणि भारतात संपूर्ण घडलेला पहिला प्लेस्टेशन टूचा गेम म्हणून नावाजलेला. किंमत ४९९. समीक्षकांनी त्याला असं झोडपलं की मला तो तत्काळ हवासा झाला. मग देसी अड्डा आला, त्यात विटीदांडू, कबड्डी, पतंग. यावर शहाण्यांनी विचारलं, विटीदांडू खेळायला टीव्ही कशाला? त्यांनी आमच्या सोसायटीचं आवार पाहिलेलं नाही. तिथे पाटी आहे: येथे चेंडू, विटी, सायकल व आरडाओरडा यांस मनाई आहे. आज आमच्या इमारतीत विटीदांडू खेळण्याचा कायदेशीर मार्ग तो एकच. आणि डॉन टू. सिनेमा २०११च्या डिसेंबरात येऊन गेला, गेम आला २०१३ साली, यंत्राचं उत्पादन बंद झाल्याची बातमी शिळी होता होता. ज्याची वाट कोणीच पाहत नाही त्याला उशीर झाला असं कसं म्हणायचं?

वाईट गेमला भविष्य नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावचं उदाहरण घ्यावं. अटारी कंपनीनं १९८२च्या नाताळासाठी ई.टी. या सिनेमावर गेम काढला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या माणसाला तो करायला पाच आठवडे मिळाले. गेममध्ये बिचारा ई.टी. सारखा खड्ड्यात पडतो. विकलेला माल परत आला, न विकलेला पडून राहिला, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीनं ट्रक भरून कॅसेटी गावाबाहेरच्या कचरा डेपोत पुरल्या. म्हणजे गेमही खड्ड्यातच गेला. २६ एप्रिल २०१४ रोजी तो डेपो उकरला. साधारण तेराशे कॅसेटी वर काढल्या, त्यात ई.टी.ही होता. मातीचा वास येणाऱ्या त्या कॅसेटी लिलावात गेल्या आणि सगळ्या मिळून लाखाहून जास्त डॉलर उभे राहिले. एक ई.टी. स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पाच आठवड्यांत केलेल्या वाईट कामाला एकतीस वर्षं जमिनीत ठेवलं की काय होतं पाहा. मी सोसायटीच्या बागेत माझ्या बावीसपैकी सोळा फुटबॉलचे गेम पुरण्याची परवानगी मागितली होती. सेक्रेटरींनी ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचं परिपत्रक पाठवलं.

दुसरं उदाहरण २०२१चं. त्या वर्षी सुपर मारिओ ब्रदर्सची एक कॅसेट वीस लाख डॉलरना विकली गेली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे तिचं वेष्टण कधीच फाडलेलं नव्हतं. जगातला सर्वांत मौल्यवान मारिओ तो, जो कोणीही खेळलेला नाही. हे वाचल्यावर माझं मन हलकं झालं, कारण माझ्या त्रेसष्टपैकी बावन्न गेम मी अजून लावलेले नाहीत. शिवाय अमेरिकेतल्या एका संस्थेनं २०२३ साली पाहणी करून सांगितलं की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात मिळतच नाहीत. म्हणजे मी कपाटात सीडी कोंबत नसून वारसा जपत आहे. ही बातमी मी छापून कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं चिकटवली आहे. बाहेरच्या बाजूला परवानगी मिळाली नाही.

इथवर सगळं तत्त्वाला धरून चाललं होतं. घोटाळा केला भाच्यानं.

तो शिकायला लेस्टरला आहे. इंग्लंडमधल्या धर्मादाय दुकानांत जुने कपडे, कपबशा आणि गेम मिळतात. त्यानं मामाची आठवण ठेवून पौंडाला एक सीडी आणली. ब्रिटनची पद्धत आणि आपली पद्धत एकच, त्यामुळे माझ्या यंत्राला आक्षेप घेता आला नाही. सीडीवर नाव होतं मॉन्स्टर अटॅक.

याची मूळ कथा जपानातली. तिथे डी थ्री नावाच्या कंपनीनं १९९८ पासून सिंपल १५०० ही मालिका चालवली. प्रत्येक गेम पंधराशे येनला, नावं अशी: द माहजाँग, द शोगी, द स्नायपर. आपल्याकडे जुन्या पाट्यांवर "किराणा व भुसार" एवढंच लिहीत, तसा हा प्रामाणिक कारभार. पुढे प्लेस्टेशन टूसाठी तीच मालिका दोन हजार येनची झाली आणि २००३ साली तिच्यात पृथ्वी संरक्षण दलाचा एक गेम आला. तोच युरोपात मॉन्स्टर अटॅक. गावात बसएवढ्या मुंग्या शिरतात, आपण बंदूक घेऊन एकटे उभे, नेम चुकला की समोरची इमारत कोसळते, आणि त्याबद्दल कोणी काही म्हणत नाही. मुंग्या इतक्या होतात की यंत्रच दमून सावकाश चालायला लागतं. त्या गरीब गेमची पुढे मोठी मालिका झाली, २०२२ साली जपानात सहावा भाग निघाला.

मी तो बघावा म्हणून लावला. रात्री साडेनऊला. मान वर केली तेव्हा साडेबारा झाले होते. दुसऱ्या रात्री परत तेच. मला मजा येत होती, आणि हे मी अत्यंत संकोचानं लिहितो आहे, कारण ज्याला मजा हवी होती त्याला शोधाची ही दगदग करायची गरजच नव्हती. सहा तास झाल्यावर मी सीडी काढून खोक्यात ठेवली. भाच्यानं फोनवर विचारलं, "मामा, कसा वाटला?" मी म्हणालो, "बरा आहे. पण तू पन्नासच्या वर गेलास." पैसे तो घेईना. आता ही सीडी हिशेबात कुठे धरायची हा प्रश्नच आहे. शून्याला सहानं भागून काय हातात येतं?

हिशेबाचं निघालंच आहे तर तो देतो, कारण मार्चअखेरीला ही वही घेऊन बसली होती. यंत्र १,५००. लेन्स ६५०. मेमरी कार्डं ६५०. रिमोट ९००. टीव्ही टेम्पोसह १,४००. त्रेसष्ट सीडी, काही दहाच्या, काही तत्त्व मोडून शंभराच्या, सरासरी पन्नास, ३,१५०. पेट्रोल, चहा, वडापाव १,६००. एकूण ९,८५०. प्रत्यक्ष खेळलेले तास, भाच्याचे सहा धरून, अकरा.

"म्हणजे तासाला आठशे पंचाण्णव रुपये," ती म्हणाली. "एवढ्यात नवे दोन आले असते की हो. चांगले."

मी तिला समजावलं की हिशेबाची ही पद्धतच चुकीची आहे. गेम म्हणजे फक्त बटणं दाबणं नव्हे. बाजारात उकिडवं बसलेला वेळ धरा, टूथपेस्टचा धरा, लाल पडद्यासमोरचा धरा, तपकीर गल्लीत लेन्सवाल्याच्या दारातला धरा, रात्री झोप न येता यादी मनात घोळवल्याचा धरा. दोन वर्षं, रोज सरासरी एक तास. सातशे तीस तास. नऊ हजार आठशे पन्नास भागिले सातशे तीस, तासाला साडेतेरा रुपये. साडेतेरा रुपयांत पुण्यात धड चहा मिळत नाही.

ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबांची आठवण झाली." माझ्या वडिलांना ती बाबाच म्हणते. कौतुकानं म्हणाली की कसं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आता विनंती. हनुमान: बॉय वॉरियर मला अजून मिळालेला नाही. गेल्या महिन्यात जुन्या बाजारात एकाकडे दिसला. त्यानं बाराशे सांगितले. "साहेब, रेअर आहे," म्हणाला. चारशे नव्याण्णवला ज्याच्याकडे लोकांनी पाठ फिरवली, तो कोणी जपून ठेवला नाही म्हणून आता बाराशेला! मी पन्नास म्हणालो. त्यानं सीडी परत कुकरच्या शिट्टीखाली सरकवली. तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, भाच्याच्या जुन्या दप्तरात, कुठे ही सीडी पडलेली असेल तर कळवावं. खोका नसला तरी चालेल, ओरखडे असले तरी चालेल, टूथपेस्ट माझ्याकडे आहे. फक्त ती चालते की नाही हे तुम्ही आधी लावून बघू नका.